धर्मप्रांत बदलतो तेव्हां मंडळी कोणाची?

मंडळीचा धर्मप्रांत बदलला म्हणजे मंडळी बदलते काय? आणि तो बदलण्याचा अधिकार कोणाचा? वर बसून ठराव करणाऱ्या वडिलांचा, कीं खालीं सतरंजीवर बसून भजन करणाऱ्या माणसांचा? हा प्रश्न बिशपांनीं व पंडितांनीं सोडवावा, आपल्यासारख्यांस त्याचें काय, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. सातारा व सांगली ह्या जिल्ह्यांतील मंडळ्यांचा इतिहास पाहिला, तर हा प्रश्न खेड्यांतील ख्रिस्ती घरांच्या उंबऱ्याशीं येऊन उभा राहिलेला आहे, आणि अद्यापि तो तेथून हललेला नाहीं.

प्रथम घडलेल्या गोष्टी सांगूं. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या मंडळीच्या रीतीप्रमाणें, प्रत्येक स्थानिक मंडळी एका बिशपाच्या देखरेखीखालीं असते, आणि त्या बिशपाच्या हद्दीस धर्मप्रांत म्हणतात. सन १८१४ मध्यें सर्व हिंदुस्थानासाठीं एक बिशप नेमला गेला व त्याचें ठाणें कलकत्त्यास झालें. सन १८३७ मध्यें मुंबईचा धर्मप्रांत निराळा झाला आणि टॉमस कार हे तेथील पहिले बिशप झाले. महाबळेश्वरचें ख्राइस्ट चर्च १८४२ सालचें; म्हणजे तें उभें राहिलें तेव्हां हा धर्मप्रांत अवघा पांच वर्षांचा होता. पुढें १९२९ सालीं मुंबईतून नासिकचा धर्मप्रांत वेगळा काढला, व फिलिप लॉईड हे त्याचे पहिले बिशप झाले. दुसऱ्याच वर्षीं, १९३० सालीं, हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन येथील अँग्लिकन मंडळी कायद्यानें इंग्लंडच्या मंडळीपासून स्वतंत्र झाली. शेवटीं २९ नोव्हेंबर १९७० रोजीं, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीं, नागपूर येथें सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. आणि तिच्या धर्मप्रांतांत कोल्हापूर हा एक धर्मप्रांत झाला.

नगर जिल्ह्यांतील एखाद्या अँग्लिकन मंडळीचा विचार करा. ती जेथें जमत होती तेथेंच जमत राहिली. मुलांचे बाप्तिस्मे त्याच पात्रांत झाले, माणसें त्याच जमिनींत पुरलीं गेलीं. तरी तिचा बिशप प्रथम मुंबईस होता, मग नासिकास झाला, आणि मग ती अँग्लिकन म्हणूनच उरली नाहीं. एवढे फेरफार झाले, आणि ती मंडळी आपल्या जागेवरून एक पाऊलही हलली नाहीं!

सातारा व सांगलीकडे अँग्लिकन थोडे. वाई व सातारा ह्या बाजूस अमेरिकन मराठी मिशनचें काम, म्हणून तेथील मंडळ्या काँग्रिगेशनल. सांगली, मिरज, इस्लामपूर व कोल्हापूर ह्या बाजूस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचें काम, म्हणून तेथील मंडळ्या प्रेस्बिटेरियन. नगरकडे अमेरिकन मराठी मिशन आणि एस. पी. जी. ही अँग्लिकन संस्था अशीं दोघांचींही कामें, म्हणून तेथें कोणी काँग्रिगेशनल तर कोणी अँग्लिकन. मिशनांनीं बहुतेक ठिकाणीं आपसांत मुलूख वांटून घेतला होता; एकानें नांगरलेल्या शेतांत दुसऱ्यानें नांगर घालूं नये असा त्यांचा समजूतदारपणाचा करार असे. त्यांत वाईट कांहीं नव्हतें. परंतु त्याचा परिणाम असा झाला कीं, मनुष्य कोणत्या पंथाचा ख्रिस्ती होणार हें तो कृष्णेच्या कांठीं वरच्या अंगास जन्मला कीं खालच्या अंगास, एवढ्यावर ठरलें. वाईचें पाणी पिणारा काँग्रिगेशनल, तेंच पाणी सांगलीस पोंचल्यावर पिणारा प्रेस्बिटेरियन! वडिलांचें राज्य बरें कीं बिशपांचें, ह्याविषयीं आमच्या आजोबांपणजोबांस कोणीं विचारलें नव्हतें, आणि विचारतें तरी त्यांस उत्तर देतां आलें नसतें. त्यांनीं पंथ निवडला नाहीं. त्यांनीं ख्रिस्त निवडला. पंथ हा त्यांस गांवाबरोबर मिळाला.

हें लक्षांत घेतलें म्हणजे एक गोष्ट उघड होते. “आमचा पंथ हा आमच्या पूर्वजांचा ठेवा, तो आम्ही सोडणार नाहीं,” असें जे म्हणतात त्यांच्या म्हणण्यांत प्रेम पुष्कळ आहे, परंतु इतिहास थोडा आहे. पूर्वजांचा ठेवा कोणता हें नीट ओळखलें पाहिजे. सांगलीकडील ज्या मंडळ्या १९७० सालीं एकीकरणांत आल्या त्यांस आयुष्यांत प्रथमच बिशप मिळाला, आणि अँग्लिकनांस प्रथमच असे पाळक-बंधु मिळाले कीं ज्यांच्या मस्तकावर कोणा बिशपाचा हात कधींच पडला नव्हता. दोघांसही तें जड गेलें. पण दोघांनींही जें सोडलें तें मिशनांच्या वांटणींत मिळालेलें होतें; वेदीपुढें उभें राहून मागून घेतलेलें नव्हतें.

येथवर आमचें म्हणणें वरच्या वडिलांस गोड लागेल. पुढचें तितकें गोड लागणार नाहीं.

ह्या मुलुखांतील माणसांस एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे जाण्याची संवय जुनी आहे. साताऱ्याचे छत्रपति १८४८ सालीं औरस पुत्रावांचून वारले, आणि कंपनीच्या गव्हर्नर जनरलनें सबंध राज्य खालसा केलें. प्रजेस कोणीं विचारलें? पटवर्धनांचें सांगली संस्थान १९४८ सालीं मुंबई इलाख्यांत विलीन झालें. सन १९४९ मध्यें साताऱ्याचे तासगांव, खानापूर, वाळवें व शिराळें हे भाग निराळे काढून, त्यांस सांगली, मिरज, जत हे भाग जोडून दक्षिण सातारा नांवाचा जिल्हा केला. आणि १९६० सालीं त्याचें नांव सांगली असें ठेविलें. तासगांवचा शेतकरी रात्रीं सातारकर म्हणून निजला आणि सकाळीं दक्षिण सातारकर होऊन उठला. त्याची विहीर तीच, बैल तेच, सावकारही तोच. सरकारच्या कामांत हें असें चालावयाचेंच, व त्यांत मोठा अन्याय झाला असें आम्ही म्हणत नाहीं.

पण आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे वाडवडील ह्याहून खालच्या पायरीवर होते. गांव इनाम दिला गेला म्हणजे गांवकीचीं कामें करणारे महार, मांग हे गांवाच्या झाडांविहिरींबरोबर नव्या इनामदाराकडे जात. त्यांची सेवा वतनास बांधलेली होती. ती बेडी कायद्यानें तुटली ती १९५८ सालीं, म्हणजे अगदीं कालपरवां. ज्यांच्या पूर्वजांस हजारों वेळां न विचारतां ह्याच्या हातून त्याच्या हातीं देण्यांत आलें, त्यांच्या मंडळीस पुन्हां तसेंच न विचारतां एका धर्मप्रांतांतून दुसऱ्यांत देणें, हें केवळ गैरसोयीचें नव्हे; सुवार्तेनें जें मोडावयाचें तेंच सुवार्तेच्या नांवानें पुन्हां बांधणें होय. ठराव कितीही शास्त्रोक्त असो, बिशप कितीही साधु असो, तेवढ्यानें ह्या गोष्टीचें स्वरूप पालटत नाहीं.

“परंतु,” असें कोणी म्हणेल, “मेंढरांस विचारून कळप हांकतात काय?” हा दृष्टांत आम्हीं पुष्कळ वेळां ऐकला आहे, आणि तो ऐकतांना नेहमीं असें वाटतें कीं, बोलणारा स्वतःस मेंढरांत धरीत नाहीं. दृष्टांताचा विषय मेंढपाळाचें प्रेम हा आहे. मेंढरांचें मुकेपण हा नव्हे. मंडळींतील माणसें मुकीं नाहींत ह्याचा पुरावा खुद्द बाप्तिस्म्याच्या विधींत आहे. तुमच्या गांवांत पहिला मनुष्य बाप्तिस्म्यास उभा राहिला तेव्हां पाळकानें त्यास काय केलें? प्रश्न विचारला. तूं विश्वास धरितोस काय? तूं नाकारितोस काय? आणि त्या मनुष्यानें, ज्यास त्या दिवसापर्यंत पाटलानें, कुळकर्ण्यानें, मामलेदारानें कधीं कांहीं विचारलें नव्हतें, त्यानें आपल्या तोंडानें उत्तर दिलें. त्याच्या उत्तरावांचून पाणी ओतलें गेलें नाहीं. तान्ह्या लेंकराचा बाप्तिस्मा करितात त्या मंडळ्यांतही कोणीतरी मोठें माणूस त्याच्यासाठीं उत्तर देतें. न विचारतां कोणाचेंच मस्तक भिजवीत नाहींत. जी मंडळी माणसास आंत घेतांना असें विचारते, तिला पुढें त्याच माणसांस एका छपराखालून दुसऱ्या छपराखालीं नेतांना न विचारण्याची मोकळीक कोठून मिळाली? आमचें मत असें कीं, ती मिळालेली नाहीं.

दुसरा आक्षेप ह्याहून वजनदार आहे. सत्य काय हें हात वर करून ठरत नाहीं. मंडळी एक असावी ही प्रभूची इच्छा असेल, तर एखाद्या खेड्यानें “नको” म्हटल्यानें ती इच्छा बदलेल काय? बदलणार नाहीं. पण विचारणें म्हणजे सत्य ठरविणें नव्हे. विचारणें म्हणजे ज्यास आज्ञा पाळावयाची आहे त्याच्याकडे तोंड करून बोलणें. न विचारतां झालेलें आज्ञापालन हें आज्ञापालन नसतें, तें ओढून नेणें असतें. आणि ओढून नेलेला मनुष्य दोरी सैल होतांच परत फिरतो. शिवाय विचारण्यास अर्थ केव्हां? “नाहीं” हेंही उत्तर ऐकून घेण्याची तयारी असेल तेव्हां. १९७० सालच्या एकीकरणांत अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी, जी वाटाघाटींत वर्षानुवर्षें बसली होती, ती ऐन वेळीं बाहेर राहिली. ह्याचें दुःख पुष्कळांस झालें व तें योग्यच होतें. परंतु त्या नकाराचा एक लाभ असा कीं, ज्यांनीं होकार दिला त्यांचा होकार खरा होता हें त्यावरून दिसून आलें.

आतां नागपुरास काय झालें त्याविषयीं कांहीं लिहिलें पाहिजे, कारण ह्या सर्व प्रकरणांत नीतीच्या दृष्टीनें अत्यंत नाजूक जागा तीच आहे. सन १९४७ मध्यें दक्षिण हिंदुस्थानची मंडळी झाली तेव्हां जे पाळक पूर्वींपासून सेवा करीत होते ते आहेत तसेच स्वीकारले गेले, आणि पुढील दीक्षा मात्र बिशपांच्या हातून व्हाव्या असें ठरलें. उत्तरेकडे निराळी वाट धरली. येथें एकीकरणाच्या वेळींच सर्व मंडळ्यांच्या सेवकांनीं गुडघे टेंकावे, एकमेकांच्या मस्तकांवर हात ठेवावे, आणि प्रार्थना करावी असें ठरलें. बिशपही गुडघ्यांवर, प्रेस्बिटेरियन वडीलही गुडघ्यांवर. पण त्या हात ठेवण्यानें नक्की काय दिलें गेलें? अँग्लिकन म्हणूं शकत होता कीं ज्यांस बिशपाची दीक्षा नव्हती त्यांस ती आतां मिळाली. प्रेस्बिटेरियन म्हणूं शकत होता कीं माझी दीक्षा पूर्वींच पूर्ण होती, आतां केवळ सेवेचें क्षेत्र वाढलें. प्रार्थनेचे शब्द असे योजिले होते कीं ज्याला जें उणें असेल तें देवानें द्यावें; कोणाला काय उणें होतें हें माणसांनीं ठरविलें नाहीं.

हें प्रामाणिकपणाचें होतें काय? कित्येक विचारी माणसांनीं त्या वेळीं म्हटलें कीं नव्हतें. एकाच शब्दाचे दोन अर्थ मनांत ठेवून दोघांनीं एकत्र प्रार्थना करणें ही चतुराई आहे. हा आरोप हलका नाहीं. आम्हीही त्यावर पुष्कळ विचार केला आहे. खरेदीखतांत दोन अर्थांचा शब्द घातला तर तें कपट होय, कारण तेथें एक दुसऱ्यास फसवूं शकतो. परंतु येथें फसविलें कोण जात होतें? दोघांसही दुसऱ्याचा अर्थ पुरता ठाऊक होता, तो वर्षानुवर्षें चर्चेंत छापला गेला होता, आणि तरी ते एकमेकांपुढें वांकले. जेथें अर्थाचा भेद लपविलेला नाहीं तेथें लबाडी नाहीं. मात्र एक उणीव राहिली, व ती अशी कीं हें सारें ज्यांस ठाऊक होतें ते नागपुरांत होते. शिराळ्याच्या किंवा जतच्या बाजूस एखाद्या खेड्यांतील मंडळीस तें कोणीं बसून समजावून दिलें? तिला बहुधा एवढेंच कळलें कीं आतां आपल्याला बिशप आहे. म्हणजे जो दोन अर्थांचा शब्द नागपुरांत प्रामाणिक होता, तोच खेड्यांत न समजावितां पोंचला तर संशयाचें बीं होतो. “त्यांनीं आमच्या पाळकास पुन्हां दीक्षा दिली, म्हणजे पूर्वींचे आमचे बाप्तिस्मे खोटे काय?” असा प्रश्न कोणा म्हातारीच्या मनांत आला असेल तर ती चूक तिची नव्हे.

आतां जे नकार देतात त्यांचें काय करावें? दक्षिणेंत नंद्याळ येथें हें पूर्वीं घडलें आहे. १९४७ सालीं तेथील पुष्कळ अँग्लिकन नव्या मंडळींत गेले नाहींत. ते कित्येक वर्षें जुन्याच अँग्लिकन मंडळींत राहिले, आणि १९७० नंतर हळूहळू मार्ग निघाला. त्यांस कोणी हट्टी म्हटलें, कोणी फुटीर म्हटलें. आम्ही म्हणतों, ज्यास विचारलें त्यानें उत्तर दिलें, ह्यांत गुन्हा नाहीं. धीर धरणें हें एकी करणाऱ्याचें काम आहे. एकीसाठीं ज्यांनीं सबंध पिढी वाटाघाटी केल्या त्यांस आणखी एक पिढी थांबणें अशक्य नव्हतें, व ते थांबले हें चांगलें झालें.

नकार देणाऱ्याचेंही एक कर्तव्य आहे, आणि तेथें आमचें मत त्याच्या विरुद्ध जातें. मला माझ्या रीतीनें भजन करूं द्या, इतकें तो मागूं शकतो. पण मंदिर माझें, किल्ली माझी, शाळेचें आवार माझें, असें म्हणून तो दिवाणी कचेरींत जाऊन बसला, तर त्याचा नकार धर्माचा राहत नाहीं. ह्या राज्यांत व गुजराथेंत मंडळ्यांच्या मिळकती १९५० सालच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखालीं नोंदलेल्या आहेत, आणि १९७० नंतर त्यांवरून पुष्कळ तंटे झाले. गुजराथेंतील ब्रदरन मंडळीच्या मिळकतीचा वाद दिल्लीपर्यंत गेला. सन २०१३ मध्यें, म्हणजे एकीकरणास त्रेचाळीस वर्षें झाल्यावर, सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, केवळ एकीकरणाचा ठराव केल्यानें नोंदलेला ट्रस्ट विसर्जित होत नाहीं व त्याची मिळकत नव्या मंडळीची होत नाहीं. त्यास कायद्यानें सांगितलेली रीति पाळली पाहिजे. हा निकाल वाचून एका पक्षानें आनंद केला व दुसऱ्यानें शोक. आम्हांस त्यांत निराळेंच दिसलें. विश्वस्तांस, सभासदांस नीट विचारा, कागद नीट करा, असें जें न्यायाधीशांस सांगावें लागलें, तें मंडळीनें स्वतःच्या धर्मावरूनच ओळखावयाचें होतें. करिंथच्या मंडळीनें आपले तंटे बाहेरच्या न्यायासनापुढें नेले म्हणून पौलानें तिला किती कठोर शब्द लिहिले हें वाचकांस ठाऊक आहे. त्याच पत्राच्या आरंभीं, आपण अमक्याचे, आपण तमक्याचे, असें म्हणणाऱ्यांसही त्यानें सोडलेलें नाहीं. दोन्ही दोष एकाच मंडळींत होते, हें आम्हांस लक्षांत ठेवण्याजोगें वाटतें. आमच्या भागांतही असे वाद झाले. त्यांचीं नांवें येथें घेण्याचें प्रयोजन नाहीं.

धर्मप्रांताचाच एवढा खटाटोप कशाला, प्रत्येक गांवानें आपल्यापुरतें भजन करावें, असें कोणास वाटेल. साताऱ्यानें हाही प्रयोग पाहिला आहे. नारायण वामन टिळक १९१७ सालीं अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास येऊन राहिले, आणि त्यांनीं ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांत बाप्तिस्मा झालेले व न झालेले, ख्रिस्ताच्या पायांशीं बसूं इच्छिणारे सर्व यावे, मिशनचा पगार मध्यें नसावा, परदेशी चौकट नसावी, असा त्यांचा हेतु होता. त्यापेक्षां उदात्त हेतु आमच्या मराठी ख्रिस्ती इतिहासांत थोडेच सांपडतील. परंतु १९१९ सालच्या मे महिन्यांत टिळक वारले, आणि त्यांच्यामागें दरबार फार काळ टिकला नाहीं. एका मोठ्या माणसाच्या प्रेमावर उभारलेली संगति त्या माणसाबरोबर जाते. लहान मंडळीस आजारी पाळकाच्या जागीं दुसरा पाठविणारा कोणीतरी लागतो, भांडण मिटविणारा कोणीतरी लागतो, दुष्काळांत शेजारच्या तालुक्यांतून धान्य आणणारा कोणीतरी लागतो. तेव्हां धर्मप्रांत ही नुसती कागदावरची रेघ नव्हे.

हद्दीची रेघ माणसांस कशी तोडते व कशी जोडते ह्याचें जें चित्र यहोशवाच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायांत आहे, त्याइतकें ह्या विषयास लागू पडणारें दुसरें आम्हांस ठाऊक नाहीं. उपदेशकांनीं तो अध्याय ह्या कामीं अवश्य वाचून दाखवावा. रऊबेन, गाद आणि मनश्शेचें अर्धें कूळ ह्यांस यार्देनेच्या पलीकडे वतन मिळालें. लढाया संपल्या आणि ते आपल्या बाजूस निघाले. नदीपाशीं त्यांनीं एक मोठी वेदी बांधली. अलीकडच्या कुळांनीं ऐकलें आणि काय केलें? विचारलें नाहीं, आधीं लढाईस जमले. मग सुदैवानें शहाणपण सुचलें, व फिनहासास दहा सरदारांबरोबर पाठविलें. पलीकडच्यांनीं सांगितलें तें असें कीं, ही वेदी यज्ञासाठीं नाहीं. आमच्या मनांत भय आहे. उद्यां तुमचीं लेंकरें आमच्या लेंकरांस म्हणतील कीं मध्यें नदी आहे, तुमचा परमेश्वराशीं काय संबंध? म्हणून ही साक्ष उभारली. फिनहास ऐकून संतुष्ट झाला व परत गेला.

ह्या गोष्टींतलें भय कोणाचें आहे तें पाहा. तें दूरच्या, कांठावरच्या, थोड्या लोकांचें भय आहे: हद्द पडली म्हणजे आपल्या मुलांस परकीं ठरवितील. नव्या धर्मप्रांतांत जाणाऱ्या खेड्यांतील म्हाताऱ्यांच्या मनांतही हेंच भय असतें, फक्त त्यांस तें सांगतां येत नाहीं, ते म्हणतात, “जुनें तेंच बरें होतें.” मुंबईच्या बिशपाच्या हातून ज्याचें दृढीकरण झालें, तो पुढें कोल्हापूरच्या धर्मप्रांतांत पाहुणा ठरेल काय? वडिलांच्या सभेनें ज्यास प्रभुभोजनास घेतलें, त्याचा नातू बिशपाच्या मंडळींत दुय्यम ठरेल काय? त्यांस विवादानें उत्तर देऊं नये. यार्देनेच्या लोकांस साक्ष पाहिजे होती; ह्यांसही साक्ष पाहिजे.

म्हणून ज्या मंडळीपुढें असा बदल पुढें केव्हांही येईल तिच्या उपदेशकास आम्ही कांहीं साध्या गोष्टी सुचवितों. आलेलें पत्र एकाच रविवारीं घाईनें वाचून टाकूं नये. कित्येक रविवार तें वाचावें, आणि वाचून झाल्यावर बसून सोप्या मराठींत सांगावें कीं काय बदलणार व काय बदलणार नाहीं: बाप्तिस्मा तोच, प्रभुभोजन तेंच, पाळकाचें वेतन कोणाकडून येणार, शाळेची जमीन कोणाच्या नांवावर राहणार. जमिनीची गोष्ट टाळूं नये; लोक तीच आधीं विचारणार, आणि टाळली तर वाईट अर्थ घेणार. स्त्रियांस निराळें बसवून त्यांचें म्हणणें घ्यावें, कारण सभेंत पुरुषांसमोर त्या बोलत नाहींत, आणि मंडळी चालते ती त्यांच्यावरच. मुंबईस, पुण्यास कामाला गेलेल्यांस पत्र घालावें. जे “नको” म्हणतील त्यांचीं नांवें वहींत लिहावीं, पण लाल शाईनें लिहूं नयेत.

आणि मंडळीचें जुनें रजिस्टर बदलूं नये. नवा धर्मप्रांत झाला म्हणून नवी वही घालून जुनी पेटींत टाकण्याची रीति आम्हीं पाहिली आहे. ती बरी नव्हे. त्याच वहींत, शेवटच्या नोंदीखालीं, एक रेघ मारून तारीख घालावी व नव्या धर्मप्रांताचें नांव लिहावें, म्हणजे वरचें नांव व खालचें नांव एकाच पानावर राहील, आणि पुढें कोणाचें लेंकरूं आपल्या पणजोबांचा बाप्तिस्मा शोधीत आलें तर त्यास दोन ठिकाणीं शोधावें लागणार नाहीं. प्रार्थनेंत बिशपाचें नांव घेण्याची जेथें वहिवाट आहे तेथें पहिल्या रविवारापासून नवें नांव घ्यावें. एखादी म्हातारी संवयीनें जुन्याच बिशपाचें नांव घेईल. तिला कोणी थांबवूं नये.